वर्तुळात उभे राहून सांगितलेली ओळख

“हिप हॉपला जात नसते आणि धर्मही नसतो,” हे वाक्य कळवा, मुंब्रा, दिघा आणि ऐरोली या पट्ट्यात रॅप करणाऱ्या मुलांच्या तोंडून मी वारंवार ऐकते. मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते आणि वर्गातली काही मुले संध्याकाळी जिथे जमतात त्या सायफरना, म्हणजे वर्तुळात उभे राहून आळीपाळीने रॅप म्हणण्याच्या बैठकींना, त्यांच्या आमंत्रणावरून जात असते. हे वाक्य ती मनापासून म्हणतात, यात मला शंका नाही. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून उठून आलेली असंख्य मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात वसली, आणि तेव्हापासून पारसिकच्या डोंगराच्या अलीकडची आणि पलीकडची वस्ती एकमेकींना बहुतेक वेळा लोकलच्या खिडकीतूनच पाहत आली आहे. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलांना, आडनाव न विचारता जिथे उभे राहता येईल अशी एखादी जागा हवीशी वाटावी, हे स्वाभाविकच आहे. तरीही हे वाक्य मला पटत नाही. हिप हॉपचा इतिहास पाहिला तर धर्म आणि वंश हे त्याला नंतर चिकटलेले नाहीत. त्याच्या जडणघडणीत ते पहिल्यापासून आहेत. ते बाजूला ठेवल्यामुळे हिप हॉप सर्वांचे झाले असे घडले नाही. ते तिथे उघडपणे बोलले गेले, आणि बोलणाऱ्याला उत्तर देण्याची मुभा समोरच्याला राहिली, म्हणून ते सर्वांचे होऊ शकले, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात सर्वांना ठाऊक असलेल्या तारखेपासून करते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधीची एक पार्टी ठेवली होती. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असे होते, आणि तबकड्या लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क उभा होता. हे भावंड मूळचे जमैकातील किंग्स्टनचे. रस्त्यावर भल्यामोठ्या कर्ण्यांची भिंत उभारून नाच जमवण्याची, आणि संगीत चालू असताना माइकवरून लोकांना उद्देशून बोलण्याची जमैकातील रीत हर्कने लहानपणी पाहिलेली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या फंक संगीतातला नेमका तालाचा तुकडा त्याने दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबवत नेला आणि त्यावर लोक नाचू लागले. म्हणजे हिप हॉपचा पहिला उच्चारच मुळी एका स्थलांतरित मुलाने आपल्या बेटावरची रीत दुसऱ्या देशात आणून केलेला आहे.

ही मुले राहत होती तो भाग क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे या महामार्गाने मधोमध चिरलेला होता. त्या रस्त्यासाठी हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली, ज्यांना शक्य होते ते उपनगरांत निघून गेले, आणि मागे उरली ती मुख्यतः कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन वस्ती. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला हा इतिहास फार परका वाटण्याचे कारण नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, आणि जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. दोन्ही घटना सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. इथे भूमिपुत्रांनी संघटित लढ्यातून काही मिळवले, तिथे तेवढेही झाले नाही. पण ज्याच्या पायाखालची जमीन नकाशावर दुसऱ्याच कुणीतरी आखलेली आहे, अशा माणसाला स्वतःचे नाव मोठ्याने सांगण्याची निकड का वाटते, हे घणसोली-कोपरखैरणेच्या गावठाणात वाढलेल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

ब्राँक्समध्ये या नावांवरून रक्तही सांडत होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तिथे टोळ्यांचे राज्य होते, आणि टोळ्या बहुतेक वंशानुसार बनलेल्या होत्या. त्यातील घेटो ब्रदर्स या पोर्तोरिकन टोळीने आपला एक सहकारी समेट घडवण्यासाठी पाठवला असता तो मारला गेला. सूड घेण्याऐवजी या टोळीने ८ डिसेंबर १९७१ रोजी सर्व टोळ्यांची बैठक बोलावली आणि तह केला. त्या तहामुळे एका गल्लीतील मुलांना दुसऱ्या गल्लीत जाणे शक्य झाले, आणि हर्कच्या पार्टीला वेगवेगळ्या वस्त्यांतून मुले येऊ शकली ती त्यानंतरच. या टोळीचा नेता बेंजी मेलेंडेझ याच्याविषयीची एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. आपल्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या लपवून ठेवलेला ज्यू धर्म त्याला पुढे कळला आणि त्याने तो स्वीकारला. स्पेनमधील छळापासून वाचण्यासाठी वरवर ख्रिस्ती झालेल्या आणि घरात गुपचूप जुने विधी पाळणाऱ्या ज्यूंचा तो वंशज होता. ज्याने हिप हॉपला जागा मोकळी करून दिली, त्या माणसाच्या स्वतःच्या ओळखीत इतके थर दडलेले असावेत, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. न्यूयॉर्कमधील रॅपवर ज्या एका धार्मिक गटाचा सर्वांत खोल ठसा उमटला तो म्हणजे फाइव्ह पर्सेंट नेशन. या गटाचा संस्थापक क्लॅरेन्स थर्टीन-एक्स हा आधी नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीयांच्या धार्मिक संघटनेच्या, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सातव्या क्रमांकाच्या मशिदीचा सदस्य होता. माल्कम एक्स तिथलेच धर्मोपदेशक. गुलामगिरीच्या काळात मालकांनी दिलेले आडनाव टाकून त्या जागी ‘एक्स’ लावायचे, ही नेशन ऑफ इस्लामची पद्धत होती, आणि या मशिदीतील क्लॅरेन्स नावाचा हा तेरावा सदस्य असल्यामुळे त्याच्या नावात तेराचा आकडा आला. १९६४च्या सुमारास तो तिथून बाहेर पडला आणि हार्लेमच्या रस्त्यांवरील, शाळेबाहेर फेकल्या गेलेल्या मुलांना शिकवू लागला. त्याच्या मते ८५ टक्के माणसे अज्ञानात असतात, १० टक्के सत्य जाणूनही इतरांना फसवतात, आणि उरलेले पाच टक्के हे सत्य जाणणारे आणि ते शिकवणारे गरीब, सज्जन शिक्षक असतात. कृष्णवर्णीय पुरुष हाच देव होय, असे तो सांगत असे. १९६९मध्ये त्याची गोळ्या घालून हत्या झाली, परंतु गट टिकला. त्याचे अनुयायी हार्लेमला मक्का आणि ब्रुकलिनला मदिना म्हणत.

या गटाचे तत्त्वज्ञान मला स्वीकारार्ह वाटत नाही. परंपरागत मुसलमान त्याला इस्लाम मानत नाहीत, आणि त्यात स्त्रीला ‘पृथ्वी’ म्हणून पुरुषरूपी सूर्याभोवती फिरणारी ठरवले आहे, जे मला कोणत्याही काळात आणि कोणत्याही देशात मान्य होणार नाही. मात्र त्याची शिकवण्याची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. नेशन ऑफ इस्लामकडून आलेले धडे प्रश्नोत्तरांच्या रूपात होते. मुलांनी ते शब्दशः पाठ करायचे, आणि रस्त्यावर वर्तुळ करून उभे असताना कोणीही कोणालाही कोणत्याही धड्यावरून प्रश्न विचारू शकत असे. ज्याला विचारले त्याने तिथल्या तिथे, न अडखळता, अचूक उत्तर द्यायचे. अंक आणि अक्षरे यांना अर्थ दिलेले होते आणि दिवसाच्या तारखेवरून त्या दिवसाचा विचार उलगडून दाखवावा लागे. ज्या मुलाला शाळेने ढ ठरवले होते, तो मुलगा चौकात उभा राहून पाठांतर, तर्क आणि उत्स्फूर्त वक्तृत्व या तीनही गोष्टींची परीक्षा रोज देत होता.

न्यूयॉर्कच्या रॅपमधील वर्तुळ, ज्याला आमची मुले सायफर म्हणतात, ते याच चौकातून शब्द आणि शिस्त घेऊन आले. राकिम, बिग डॅडी केन, ब्रँड नूबियन आणि नंतर स्टेटन आयलंडचा वू-टँग क्लॅन, अशी या गटाशी जोडलेल्या कलाकारांची नावे घेता येतात. पैकी राकिमविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. १९८७ साली त्याचा आणि एरिक बी याचा पहिला अल्बम आला तेव्हा रॅपमध्ये बहुधा ओळीच्या शेवटी यमक येत असे आणि माइकवरचा आवाज चढा असे. राकिमने यमके ओळीच्या पोटात नेली, वाक्य एका ओळीतून दुसरीत वाहू दिले आणि आवाज कधीही चढवला नाही. तो लहानपणी सॅक्सोफोन वाजवत असे आणि जॅझचा त्याच्यावर संस्कार होता, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच्या बोलण्यातला जो ठाम, न घाईचा, प्रत्येक शब्दाला जबाबदार असलेला सूर आहे, तो मला वर्तुळात प्रश्न विचारला जाण्याची सवय असलेल्या माणसाचा वाटतो. आपल्या प्रत्येक विधानाला कुणीतरी आव्हान देणार आहे हे ठाऊक असलेला माणूस बडबड करत नाही.

इतर धर्मांचेही तसेच आहे, मात्र तिथे मी फार थांबणार नाही. मॉस डेफने १९९९च्या आपल्या अल्बमची सुरुवात बिस्मिल्लाने केली आणि पुढे यासिन बे हे नाव घेतले. बीस्टी बॉइजच्या अॅडम यॉकने बौद्ध धम्म स्वीकारला, १९९४मध्ये बोधिसत्त्वाच्या प्रतिज्ञेवर रॅप केला आणि तिबेटसाठी मोठ्या संगीतसभा भरवल्या. मार्सेच्या आयएएम या गटातील अखेनातोन हा इटालियन वंशाचा फ्रेंच माणूस मुसलमान झाला. केंड्रिक लमारला २०१८मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि ज्या अल्बमसाठी ते मिळाले तो पाप, भीती आणि ईश्वरी कोप यांच्या प्रश्नांनी भरलेला आहे. न्यूझीलंडच्या माओरी तरुणांनी १९८८मध्येच रॅपमधून आपल्या लढवय्या पूर्वजांना हाक घातली होती. यांतील कुणीही धर्म किंवा वंश दारात काढून ठेवून आत आलेला नाही.

मग आपल्याकडे? वर्तुळात उभे राहून देवाधर्मावरून एकमेकांना प्रश्न विचारणे मराठी माणसाला शिकावे लागले असे जर कुणाला वाटत असेल, तर त्याने कलगी-तुऱ्याचा इतिहास पाहावा. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. आणि हा वाद ग्रंथांत नव्हे, तर डफ-तुणतुण्याच्या साथीने, लोकांसमोर, पद्यात चाले. एका बाजूच्या शाहिराने कूट घालायचे, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे, आणि उत्तर न सुचल्यास हार पत्करायची. पेशवाईतील नामवंत शाहीर सगनभाऊ हा धर्माने मुसलमान होता, आणि त्याच्या लावण्या-पोवाड्यांना मराठी मुलखाने आपलेच मानले. कोकणातून मुंबई-ठाण्यात आलेल्या मंडळींनी शक्ती-तुऱ्याचे सामने आजही जिवंत ठेवले आहेत, आणि सिंधुदुर्गातील डबलबारी भजनांत दोन बुवा एकमेकांना पौराणिक दाखल्यांनी कसे कोंडीत पकडतात हे ठाण्यातल्या प्रेक्षकांना सांगायला नको. माझ्या वर्गातील एका मुलाचे आजोबा शक्ती-तुऱ्याचे शाहीर होते. तो मुलगा इंग्रजी बॅटल रॅप तोंडपाठ म्हणतो, आणि आजोबांची वही मात्र त्याने अलीकडेपर्यंत उघडली नव्हती. आता त्याने ती उघडली आहे, आणि त्यातील सवाल बीटवर बसवण्याचा त्याचा प्रयत्न चालू आहे. हे मला अत्यंत मोलाचे वाटते, कारण त्या वहीत त्याच्या घराची श्रद्धा आहे आणि प्रतिपक्षाबद्दलचा आदरही आहे.

मुंबईच्या रॅपची गोष्ट बहुतेकांना २०१९च्या एका हिंदी चित्रपटातून कळली. त्याआधी २०१५मध्ये ज्या गाण्याने गल्लीतला रॅप घराघरांत पोहोचवला, ते अंधेरीच्या एका ख्रिस्ती मुलाने आणि कुर्ल्याच्या एका मुस्लिम मुलाने मिळून केले होते. डिव्हाइन म्हणजे व्हिव्हियन फर्नांडिस आणि नेझी म्हणजे नावेद शेख. पहिल्याने आपल्या २०२०च्या अल्बमला ‘पुण्य पाप’ असे नाव दिले. दुसऱ्याने आपल्या पहिल्या अल्बमला ‘मगरेब’, म्हणजे सूर्यास्ताची नमाज. ही नावे त्यांनी ज्या भाषांतून आणि ज्या प्रार्थनांतून घेतली, त्यांतच मुंबईतील सरमिसळ दिसते. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरचा एमसी स्टॅन लहानपणी कव्वाली गात असे, आणि त्याच्या रॅपमधील ताना-मुरक्यांचा लळा तिथूनच आलेला असणार असे मला वाटते. धारावीतील सेव्हन बंटाइज या गटाने हिंदी, मराठी आणि तामिळ एकाच गाण्यात आणली. या मुलांना एकत्र येण्यासाठी आपापली भाषा किंवा आपापला देव सोडावा लागला नाही.

ऐरोलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक उभे आहे, आणि या परिसरातील रॅप करणाऱ्या मुलांपैकी अनेकजण बौद्ध आहेत. त्यांच्याशी बोलताना फाइव्ह पर्सेंटची गोष्ट मी सांगते तेव्हा ती लगेच भिडते, कारण लादलेली ओळख झुगारण्यासाठी धर्मच बदलणे हा अनुभव त्यांच्या घरात १४ ऑक्टोबर १९५६पासून आहे. फरक मात्र मोठा आहे, आणि तो मी त्यांना मुद्दाम दाखवते. हार्लेमच्या त्या गटाने माणसालाच, आणि तेही एका वंशाच्या पुरुषाला, देव ठरवले. बाबासाहेबांनी देवाची जागाच रिकामी केली आणि तिथे प्रज्ञा, करुणा व समता आणली. पहिला मार्ग दुखावलेल्या माणसाला ताठ उभे करतो, पण तो दुसऱ्याला खाली ठेवूनच. दुसऱ्या मार्गात कुणाला खाली ठेवण्याची सोयच नाही.

या मार्गाला आपले गाणेही होते. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा ठेवून आतला मजकूर पालटला. भीमराव कर्डकांच्या मंडळींनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहून ती स्वतः गात फिरून लोकांपर्यंत पोहोचवली. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली, आणि त्या दुःखाने लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. गाणे म्हणजे आपल्या समाजाच्या वतीने दिलेली साक्ष असते, असे मानणारी ही परंपरा आहे. ओडिशातील कोरापुटचा सुमीत सामोस इंग्रजी आणि हिंदीतून जातीवर रॅप करतो, चेन्नईत कास्टलेस कलेक्टिव्ह या गटाने ‘गाना’ हा तिथल्या वस्त्यांतला लोकगीतप्रकार आणि रॅप एकत्र आणले, आणि आरेच्या जंगलासाठी स्वदेशी या गटाने वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह २०१९मध्ये वारलींच्या उठावावरचे गाणे केले. १९४५च्या ज्या उठावाची आठवण त्या नावातून होते, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालचा तो उठाव तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलाच होता. येऊरच्या पाड्यांवर आजही वारली कुटुंबे राहतात, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरताना त्याच्याकडे पाठ करायची नाही, हा त्यांचा नियम मला सायफरच्या नियमाइतकाच अर्थपूर्ण वाटतो.

इथवर मी ओळखीची बाजू घेतली. पण ओळखीचा प्रत्येक उच्चार मला सारखाच पवित्र वाटतो असे नाही, आणि हे मुलांशी स्पष्टपणे बोलणे मी माझे काम समजते. आपल्या शहरांत मिरवणुकांचा हंगाम आला की ट्रकवर कर्ण्यांच्या भिंती चढतात. त्या भिंतींतून भक्तीची, महापुरुषांच्या जयजयकाराची गाणी वाजतात, ज्यांचा मला आदर आहे. त्यांतच अधूनमधून दुसऱ्या धर्माच्या माणसाला त्याच्या दारासमोर डिवचणारी, धमकावणारी गाणीही वाजतात, आणि त्यांतील अनेकांना रॅपचीच लय असते. जमैकातून ब्राँक्समध्ये आलेल्या कर्ण्यांचीच ही भावंडे आहेत, हे मला ठाऊक आहे. फरक इतकाच की ट्रक पुढे सरकत राहतो. ज्याला उद्देशून ते गाणे आहे त्याला माइक मिळत नाही, त्याला आपली ओळ म्हणता येत नाही, आणि तो काही बोललाच तर पोलीस बोलवावे लागतात. पंजाबी गाण्यांतील जाट अभिमानाचा डौल आमची मुले हौसेने उचलतात, तेव्हाही मी त्यांना हेच विचारते, की ज्यांच्या शेतात हा डौल पिकतो त्या भूमिहीन दलितांना या गाण्यात बोलायला जागा आहे का? पंजाबची दलित गायिका गिन्नी माही हिने आपल्या जातीचे नाव अभिमानाने गाऊन ते उत्तर दिले, आणि मी त्या दोन अभिमानांना एका मापाने मोजू शकत नाही. जमीन, बंदूक आणि गाडी ज्याच्याकडे आधीच आहे त्याचा अभिमान हा धाक असतो. ज्याला नाव उच्चारण्याचीच लाज शिकवली गेली त्याचा अभिमान ही त्याची सुटका असते.

उत्तर देण्याची मुभा सत्तेलाही नकोशी होते. एप्रिल २०२३मध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरने तत्कालीन सत्तांतरावर टीका करणारा रॅप केला, तेव्हा त्याच्याविरुद्ध आपल्या जिल्ह्यातील अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. ज्यांना तो रॅप झोंबला त्यांनीही एक रॅप करून उत्तर दिले असते, तर महाराष्ट्राच्या शाहिरी परंपरेला ते अधिक शोभले असते.

आमच्या खाडीकाठच्या सायफरमध्ये मुलांनी आपापसांत एक नियम केला आहे, आणि त्यात माझा काही वाटा नाही. दुसऱ्याच्या समाजावर, धर्मावर किंवा गावावर ओळ म्हणायची असेल तर त्या समाजाचे कुणीतरी वर्तुळात उभे असताना म्हणायची, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत जागा सोडायची नाही. मुंब्र्याचा एक मुलगा आणि कळव्याचा एक मुलगा यांच्यात मशिदीचा भोंगा आणि मंडळाचा डीजे यांवरून जी जुगलबंदी मी ऐकली, ती वृत्तवाहिन्यांवरच्या कोणत्याही चर्चेपेक्षा अधिक माहितीपूर्ण होती, कारण दोघांनाही एकमेकांच्या घरातली झोप, परीक्षा आणि आजारी म्हातारी माणसे ठाऊक होती. कुणी जिंकले नाही. पुढच्या वेळी दोघेही नव्या ओळी घेऊन आले.

मुली मात्र या वर्तुळात अजून काठावर उभ्या असतात, आणि ही उणीव मला सलते. वाशीच्या पुलापलीकडच्या गोवंडीतून हिजाब घालून रॅप करणारी सानिया एमक्यू, कल्याणमध्ये वाढलेली मल्याळी घरातली डी एमसी, महादेव कोळी समाजातून आलेली माही जी, ही नावे आमच्या मुलींना माहीत आहेत. पण माहीत असणे आणि संध्याकाळी सातनंतर घराबाहेर थांबण्याची परवानगी मिळणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर धर्म-जात काहीही असो, सगळ्याच घरांत सारखे आढळते.

घणसोलीच्या एका आगरी मुलीने यावर स्वतःचा मार्ग काढला आहे. आगरी लग्नांत धवलारीण नावाची वृद्ध स्त्री भटजीच्या जागी बसून, धवळे गाऊन सारे विधी पार पाडते. देवांना आवतण देणे, हळद, लग्न, सगळे तिच्या गळ्यातून होते. या मुलीच्या आजीच्या नात्यातील एक धवलारीण अजून गाते. तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच्या आधारावर रॅप बांधायचा, असे या मुलीने ठरवले. मी तिला अरिवू या तामिळ रॅपरची गोष्ट सांगितली. आपल्या आजीच्या चहामळ्यांतील कष्टांवर त्याने २०२१मध्ये तामिळमध्ये गाणे लिहिले, ते जगभर गाजले, आणि एका संगीतविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावरून मात्र तोच गायब होता, यावर बरीच टीका झाली. म्हणून धवलारणीचे नाव गाण्याच्या श्रेयात पहिले असावे आणि पैसे आलेच तर तिला तिचा वाटा मिळावा, एवढे मी सुचवले. मुलीला ते मान्यच होते. अडचण दुसरीकडून आली. धवलारणीने सांगितले की देवांना आवतण दिल्याशिवाय ती एक शब्दही गाणार नाही, आणि त्या आवतणातील एकाही देवाचे नाव कापायचे नाही. एकवीरा आई, गावदेवी, खंडोबा, घरचे कुलदैवत, असे ते आवतण बरेच लांबते. तीन मिनिटांच्या गाण्यात ते मावणार नाही हे मुलीने तिला सांगितले, तेव्हा गाणे लांब कर, असे उत्तर मिळाले. आता गाण्याचा पूर्वार्ध संपूर्णपणे धवलारणीचा आहे, बीटशिवाय, आणि त्यानंतर मुलगी आपल्या ओळी म्हणते. त्या ओळींत, लग्नाचे सारे विधी बाईने करायचे आणि गावकीच्या बैठकीत मात्र तिने बोलायचे नाही, असे का, हा प्रश्न तिने आपल्याच समाजाला विचारला आहे. हळदीच्या दिवशी, मांडवात, गावकीची मंडळी समोर बसलेली असताना हे गाणे म्हणण्याचा तिचा आग्रह आहे, आणि त्यासाठी घरातल्यांशी तिची बोलणी चालू आहेत.